गवताचा ताप

लग्न होऊन तापीकाठच्या त्या गावात आले तेव्हा उन्हाळा होता, आणि माझं नाक अगदी शहाण्यासारखं वागत होतं. माहेर नंदुरबारचं. तेव्हा आमचा सगळा भाग पश्चिम खानदेशात मोडायचा. वडील, म्हणजे आमचे दादा, शाळामास्तर, त्यामुळे घरात पुस्तकातली मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की अहिराणी. माहेरी गवत मी पाहिलं होतं ते टांग्याच्या घोड्यापुढे टाकलेलं, तेवढंच. सासर प्रकाशा गावाजवळचं, खात्यापित्या शेतकऱ्याचं. घराच्या तीन बाजूंना बाजरी आणि चौथ्या बाजूला गोठा.

पाऊस सरत आला, बाजरी फुलोऱ्यात आली, बांधावरच्या गवताला तुरे फुटले. एका सकाळी मी चुलीपुढे भाकरी थापत असताना शिंकले. नंतर पुन्हा शिंकले. भाकरी परातीत फिरवायची ती शिंकेच्या झटक्यानं थेट राखेत गेली.

तिथून पुढे दिवाळीपर्यंत मी शिंकतच होते. नाकाला धार, डोळे जास्वंदीसारखे, कानाच्या आत कुठेतरी मुंगी फिरल्यासारखी खाज. सगळ्यात वाईट टाळूची खाज. ती जिभेनंच खाजवावी लागे, आणि तेव्हा घशातून जो आवाज निघे तो नव्या सुनेनं सासरी काढावा असा नव्हता. पहिल्यांदा तो ऐकून आमचे हे काठी घेऊन रानडुक्कर शोधायला परसात गेले होते.

नुसतं शिंकणं असतं तर कुणाची हरकत नव्हती. अडचण होती शकुनाची. कुणी घराबाहेर निघालं आणि कुणी शिंकलं, की निघणाऱ्यानं जोडे काढायचे, खाली बसायचं, पाणी प्यायचं आणि मग पुन्हा निघायचं. आणि घरात शकुनाचा सगळा कारभार माझ्या सासूबाईंकडे, म्हणजे आत्याबाईंकडे होता. आत्याबाई उंच, सडसडीत, कमरेला तपकिरीची डबी, आणि नजर अशी की दुधावरची साय आपोआप घट्ट व्हावी.

सासरे, म्हणजे मामंजी, गावात मानाचे. आसपासच्या खेड्यांतली भांडणं मिटवायला त्यांना पंच म्हणून बोलावत. त्या सकाळी ते शहाद्याच्या बाजाराला निघाले होते. पागोटं बांधलं, गाडी जुंपली, उंबरा ओलांडला, आणि मी स्वयंपाकघरातून शिंकले.

"बठा खाले," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी बसले. पाणी प्यायले. उठले. मी शिंकले. ते बसले. पुन्हा पाणी. असं होता होता त्यांच्या पोटात इतकं पाणी साठलं, की बाजाराच्या आधी त्यांना दुसरीकडेच जावं लागलं.

आत्याबाईंनी त्यावर तोड काढली. एक शिंक वाईट, पण लागोपाठ दोन आल्या तर चांगलं, असं मानतात. तेव्हा शिंका मोजायच्या. जोडीनं आल्या तर जायचं, एक शिल्लक राहिली तर बसायचं. पण माझ्या शिंका ओळीनं येत आणि शेवटची कुठली ते मलाही सांगता येत नसे. मग उंबऱ्यावर वाद होई.

"एक उरनी," आत्याबाई म्हणत.

"जोडी व्हयनी," हे म्हणत. त्यांना शेतावर जायची घाई असे.

"ती शिंक नव्हती. तिनी नाक वढं," आत्याबाई अडून बसत.

मला विचारत. मी डोळे पुसत मान हलवी, आणि ती होकाराची की नकाराची यावर पुन्हा वाद होई.

मामंजींनी मात्र या वादात कधी भाग घेतला नाही. त्याचं कारण माझ्या हळूहळू लक्षात आलं. लोणखेड्याच्या बाजूला एका गावात दोन चुलतभाऊ बांधावरच्या एका बाभळीवरून भांडत होते. बाभूळ याच्या बांधावर, सावली त्याच्या शेतात. निवाड्यासाठी दोघांनी मामंजींना नेमलं होतं. मामंजी एकदा जाऊन आले होते. दोघं भाऊ त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून दिवसभर दोन्ही कानांत एकदम बोलले होते. तिथून आल्यावर मामंजींना गावातल्या देवळाची घंटाही सहन होईना. पुन्हा जायचं नव्हतं, आणि नाही म्हणायचं तर मान जातो. अशा वेळी घरात शिंकणारी सून आली, आणि गवताचा भारा जवळून गेला की ती जास्तच शिंकते हे मामंजींनी हेरलं होतं.

मामंजी आणि मी एकमेकांशी बोलत नसू. तशी रीतच नव्हती. त्यांना मला काही सांगायचं असलं, की ते अंगणातल्या बैलाला सांगत आणि मी दाराआडून ऐके.

"भाऊ," एक दिवस ते बैलाला म्हणाले, "उद्या माले लोनखेडाकडे जानं शे. मी निंघसू तव्हय कोनी वसरीवर गवतना भारा झटका, ते बरं व्हई."

बैलानं शेपूट हलवलं. मी काहीच केलं नाही, कारण अशी आज्ञा पाळायची की नाही हे मला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मामंजींनी वाट पाहिली. मग आपणच गोठ्यातून हिरव्या गवताचा भारा उचलला, तुऱ्यांसकट, आणि पागोटं, उपरणं अशा थाटात तो डोक्यावर घेऊन स्वयंपाकघरातून चालत गेले. परसदारी टाकला. तसेच परत आले आणि गंभीरपणे उंबऱ्याकडे निघाले.

मी इतकी शिंकले की तव्यावरची भाकरी हलली.

"शिंक व्हयनी," मामंजी बैलाला म्हणाले. आवाजात दुःख होतं. मग ते जोडे काढून ओसरीवर आडवे झाले आणि दुपारपर्यंत छान झोपले.

असं पुष्कळदा झालं. इकडे गल्लीतही बोभाटा झाला. परगावी निघालेले लोक आमच्या दारावरून जाईनात. एका शेजाऱ्याची मुलगी सासरी निघाली, तर त्यांनी गाडी मागच्या काट्याकुट्याच्या वाटेनं वळवून नेली आणि निम्म्या वाटेत तिचं चाक निखळलं. ते चाकही माझ्याच खात्यावर गेलं, जरी त्या वेळी मी तोंडात पदर कोंबून कोठीत बसले होते.

मग उपाय सुरू झाले. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगायला दिली. ती मी हुंगली तेवढा वेळ बरं वाटलं, आणि काढली की दुप्पट. गोवरीवर हळद टाकून धुरी दिली. शिंका थांबल्या, कारण खोकला लागला. नाकात गायीचं तूप सोडलं. त्यानं टाळूला थोडा थंडावा आला हे खरं, पण दुपारी आडवी झाले तर मांजर छातीवर येऊन बसलं आणि माझ्या नाकाकडे टक लावून पाहत राहिलं. मी शिंकले की ते उडी मारून पळे आणि पुन्हा येऊन बसे. शेवटी त्या मांजरालाच माझा कंटाळा आला.

काहीच लागू पडेना, तेव्हा आत्याबाईंनी मला शहाद्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. निघताना मी उंबऱ्यातच शिंकले. सगळे थबकले. आपल्याच शिंकेनं आपण बसायचं का, हा प्रश्न घरात कधी आला नव्हता. आत्याबाईंनी थोडा विचार केला.

"जिनी शिंक, तिले ती लागत नही," त्या म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

डॉक्टर चष्म्याचे, बारीक, पुण्याकडून आलेले. त्यांनी माझ्या नाकात, घशात, डोळ्यांत पाहिलं. कधी सुरू होतं, कुठे जास्त होतं, ते विचारलं. मग म्हणाले, "याला गवताचा ताप म्हणतात."

आत्याबाईंनी लगेच माझ्या कपाळावर हात ठेवला. "ताप ते शे नही, डॉक्टरसाहेब."

"यात ताप येत नाही, बाई."

"मंग गवत शे का?"

"गवत पोटात जात नाही. त्याच्या तुऱ्यांची भुकटी हवेतून नाकात जाते आणि ती हिला सोसत नाही. गवतापासून, फुलोऱ्यापासून लांब ठेवा."

"डॉक्टरसाहेब," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही खेतीवाला शेतस."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. खेड्यात राहून गवतापासून लांब कसं राहायचं हे त्यांच्याही पुस्तकात नसावं. त्यांनी कोमट पाण्यात मीठ घालून नाक धुवायला सांगितलं, डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवायला सांगितली, आणि लाल औषधाची एक बाटली दिली. त्या औषधानं शिंका थांबल्या नाहीत, पण शिंकेला गुलाबाचा वास येऊ लागला. मीठपाण्याचा मात्र खरंच गुण आला. सकाळ-संध्याकाळ नाक धुतलं की घटकाभर मी माणसात येई.

गावात बातमी पोचली ती अशी, की अमक्याच्या सुनेला गवताचा ताप झालाय. शेजारच्या शेतकऱ्यानं येऊन मामंजींना विचारलं, हा ताप बैलांना लागतो का. एका म्हातारीनं मला जवळ घेऊन हळूच विचारलं, "पोरी, तुले गवत खावानी विच्छा व्हस का?" मी नाही म्हटल्यावर तिला जरा वाईट वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या. त्या धुवायच्या तापीवर. आत्याबाई आणि मी गाडीत गोधड्यांच्या ढिगावर बसून निघालो. वाटभर दोन्ही बाजूंना बाजरी, त्यामुळे वाटभर मी शिंकत होते आणि गाडीवान प्रत्येक शिंकेला बैल थांबवत होता. आत्याबाईंनी त्याला सांगितलं की निघालेल्या गाडीला हा नियम नाही, तेव्हा कुठे आम्ही नदीवर पोचलो.

पाणी ओसरलं होतं. मधोमध वाळूचं मोठं बेट उघडं पडलं होतं आणि पलीकडून पाण्यावरचा वारा येत होता. आम्ही पाण्यातून चालत वाळूवर गेलो. गोधड्या भिजवल्या, आपटल्या, पिळल्या, वाळूवर पसरल्या. न्याहारी केली. उन्हं डोक्यावर आली तशी आत्याबाई एकदम हात थांबवून माझ्याकडे पाहायला लागल्या.

"काय झालं, आत्याबाई?"

"आठे उनूत तव्हयपाईन तू एकबी शिंक दिन्ही नही."

मी नाकाला हात लावला. नाक कोरडं होतं. दोन्ही बाजूंनी श्वास जात होता. इतक्या दिवसांत मी विसरूनच गेले होते, की नाकाला दोन बाजू असतात. मी नुसती बसून श्वास घेत राहिले. वाळूला वास येतो, ओल्या गोधडीला वास येतो, हे तेव्हा कळलं.

आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी पदर सोडून डोकं मोकळं केलं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मग त्यांनीही लांब, खोल श्वास घेतला, अगदी माझ्यासारखा.

"मालेबी येस," त्या म्हणाल्या.

"काय येतं?"

"शिंक. गवतनी. तुन्हाइतली नही, पन येस. लगन व्हयनं तव्हयपाईन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "पण तुम्ही तर तपकिरीनं शिंकता."

त्यांनी कमरेची डबी काढून वाळूवर ठेवली. "मन्ही सासू लई कडक व्हती. शिंक उनी का ती माले कोठीमा बसाडी दे. मंग मी ही डबी धरी. तपकीरनी शिंक शकुनमा धरत नहीत."

तो नियम मलाही माहीत होता. तपकीर ओढणाऱ्याची शिंक मुद्दाम आणलेली असते, म्हणून ती मोजत नाहीत. म्हणजे इतकी वर्षं आत्याबाई भर फुलोऱ्यात घरभर शिंकत होत्या, आणि हातात डबी असल्यामुळे कुणाचंही कुठलंही जाणं अडलं नव्हतं. मामंजींनाही ते माहीत नव्हतं.

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"मन्ही सासूनी माले कोठे सांगं व्हतं," आत्याबाई म्हणाल्या. आणि हसायला लागल्या. त्यांना हसताना पाहून मीही हसले. दोघी इतक्या हसलो की एक गोधडी वाहत गेली आणि तिच्यामागे पाण्यात धावावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला तपकिरीची एक चिमूट देऊन पाहिली. त्याबद्दल फार लिहीत नाही. मी भानावर आले तेव्हा गोठ्यातल्या म्हशी दावं तोडायला बघत होत्या आणि हे माझ्या डोक्यावर पाणी ओतत होते. तपकीर मला झेपणार नव्हती. तेव्हा आत्याबाईंनी आपली एक जुनी पितळी डबी घासून पुसून रिकामीच माझ्या हातात दिली. शिंक आली की डबी वर करून दाखवायची, एवढंच काम. घरात त्यांनी जाहीर केलं, की सुनेला औषध म्हणून तपकीर लावली आहे.

ह्यांनी आनंदानं मान डोलावली आणि लगेच शेताकडे निघून गेले. भाऊबीजेला माझा भाऊ आला, तो जेवणभर माझ्या हातातल्या डबीकडे बघत होता आणि जाताना म्हणाला, "दादांना काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, रिकामी आहे." त्याला ते आणखीच गंभीर वाटलं.

खरे खचले ते मामंजी. पुढच्या खेपेला लोणखेड्याकडे निघायची वेळ आली, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे भारा घरातून फिरवला. मी शिंकले. मामंजी समाधानानं जोडे काढायला वाकले. मी दाराआडून हात बाहेर काढून डबी दाखवली.

"तपकीरनी शे," आत्याबाई म्हणाल्या. "जा तुम्ही."

मामंजींनी डबीकडे पाहिलं. बैलाकडे पाहिलं. मग परत गोठ्यात गेले, गवताचा एक तुरा घेऊन आले आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या नाकात फिरवून शिंकले.

"ज्यानी शिंक, त्याले ती लागत नही," आत्याबाई म्हणाल्या. "दवाखानाले जाताना ठरनं ते."

मामंजी उपरणं सावरत गाडीत चढत होते, एवढ्यात दारात दुसरी गाडी येऊन थांबली. तिच्यातून ते दोघं चुलतभाऊच उतरले. एकाच गाडीतून. मामंजी येतील म्हणून दरवेळी बांधावर वाट बघून ते कंटाळले होते आणि आता स्वतःच आले होते. मामंजींनी त्यांना ओसरीवर बसवलं आणि दोन्ही कान झाकले जातील असं पागोटं खाली ओढून घेतलं.

"बोला," ते म्हणाले. "बाभूयनं काय?"

"बाभूय शे कोठे," थोरला म्हणाला. "तोडी टाकी आम्ही."

"तुमनी वाट दखता दखता," धाकटा म्हणाला, "तिना लाकडंवर चहा करी करी पिधा."

मामंजींनी पागोटं वर केलं. "मंग आते कसाले उनात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "निवाडा पाहिजे," थोरला म्हणाला. "चहा जास्ती कोनी पिधा त्याना."

मामंजींनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला. मग आत निरोप पाठवून दोघांसाठी चहा करायला सांगितला. धाकट्यानं दोन पेले घेतले, थोरल्यानं एक, आणि मामंजींनी फिटंफाट झाली असं जाहीर केलं. हिशोब बरोबर होता की नाही कुणास ठाऊक, पण दोघं खूश होऊन एकाच गाडीतून परत गेले. पुढे कितीतरी वर्षं त्या भागात मामंजींचं नाव निघे ते असं, की हा माणूस घाई करत नाही, भांडण पिकू देतो आणि मग निवाडा करतो.

त्यानंतर दरवर्षी बाजरी निसवली, कणसं बाहेर पडली, की आमचा क्रम ठरलेला असे. सकाळी मीठपाण्यानं नाक धुवायचं. शेतातून आलेल्या माणसानं अंगावरचे कपडे बाहेरच झटकून घरात यायचं. माझी पातळं बांधावर वाळत घालायची नाहीत. आणि नदीचं पाणी उतरलं, की दुपारचं काम घेऊन मी वाळूवर जायचं. तांदूळ निवडायचे, गोधडी शिवायची, काहीही. आत्याबाई सोबत म्हणून येत. लोकांना तसं सांगितलं होतं. वाटेतल्या बाजरीसाठी आम्ही पदराचं टोक ओलं करून नाका-तोंडावरून घट्ट बांधत असू. त्यानं फार बरं वाटे. कधी कधी वाळूवर पोचल्यावरही ते सोडायचं भान राहत नसे.

अशाच एका दुपारी आम्ही दोघी नाकातोंड बांधून, शेजारी विळा आणि काठी ठेवून वाळूवर बसलो होतो. विळा भोपळा चिरायला होता. पलीकडच्या काठावरून एक बांगडीवाला डोक्यावर पेटी घेऊन उताराच्या पाण्यात उतरला. निम्म्यापर्यंत आला, त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबला. आत्याबाईंनी त्याला बोलावण्यासाठी हात वर केला. हातात विळा होता. बांगडीवाला वळला आणि इतक्या लगबगीनं उलटा गेला, की पेटीतल्या बांगड्यांचा आवाज बराच वेळ पाण्यावरून येत राहिला.

"असा का गेला?" मी विचारलं.

आत्याबाईंनी नाकावरचा पदर खाली केला. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्याले घाई व्हई."

मग त्यांनी भोपळा पुढे ओढला, आणि आम्ही संध्याकाळच्या भाजीला लागलो.